नफ्याचं गाव कोणतं? बहुराष्ट्रीय कंपन्यांवरचा कर आणि विकसनशील देश



कराचा विषय निघाला की आपलं लक्ष दराकडे जातं. किती टक्के? वाढला का, कमी झाला का? अर्थसंकल्पाच्या दिवशी टीव्हीवर सगळी चर्चा त्याचीच असते. आज मी दराबद्दल थोडंच बोलणार आहे. त्याच्या आधी एक प्रश्न येतो, आणि तो सुटल्याशिवाय दराला काही अर्थ उरत नाही. तो प्रश्न असा: नफा झाला खरा, पण तो कुठे झाला?

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या बाबतीत हा प्रश्न कोणी विचारत नाही. दुकान इथे, गिऱ्हाईक इथे, गल्ला इथे, मग नफाही इथेच. पण एखाद्या कंपनीचं संशोधन एका देशात चालतं, कारखाना दुसऱ्या देशात असतो, गिऱ्हाइकं शंभर देशांत पसरलेली असतात आणि नाममुद्रेची मालकी भलत्याच एखाद्या बेटावर असते. तिच्या नफ्याचं गाव कोणतं? आणि ते कोणी ठरवायचं? गेली शंभर वर्षं जगात हा वाद चालू आहे. २०२१ साली त्यावर मोठा तोडगा निघाल्याची घोषणा झाली. तो तोडगा काय होता, त्याचं पुढे काय झालं, आणि आपल्यासारख्या देशांच्या पदरात काय पडलं, हे आज पाहायचं आहे.

पावती फिरते, माल फिरत नाही

आधी एक कल्पित उदाहरण घेऊ. सांगोल्याला एका कुटुंबाची डाळिंबाची बाग आहे. तीन भाऊ, चूल एक. थोरला बाग पाहतो, मधला मुंबईत विक्री पाहतो आणि धाकटा तिसऱ्याच एका गावी राहतो. प्रत्येक गाव आपापल्या हद्दीतल्या नफ्यावर कर घेतं असं धरू. धाकट्याच्या गावात मात्र करच नाही.

एक किलो डाळिंब पिकवायला ४० रुपये लागतात. मुंबईला नेऊन विकायचा खर्च २० रुपये. मुंबईत भाव मिळतो १४०. म्हणजे कुटुंबाला किलोमागे ८० रुपये नफा. आता कागदावर काय होतं बघा. थोरला भाऊ धाकट्याला ४२ रुपयांनी डाळिंब 'विकतो'. धाकटा तेच मधल्याला ११८ रुपयांनी 'विकतो'. हिशेब केलात तर सांगोल्यात नफा २ रुपये, मुंबईत २ रुपये, आणि धाकट्याच्या गावात ७६ रुपये! डाळिंबाच्या पेट्या सांगोल्याहून निघून थेट मुंबईला गेल्या. धाकट्याच्या गावाला गेली ती नुसती पावती.

बहुराष्ट्रीय कंपनी म्हणजे असंच एका चुलीचं कुटुंब. तिच्या उपकंपन्या कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती, पण मालक एकच. त्या आपसात ज्या किमतीने देवाणघेवाण करतात तिला ट्रान्स्फर प्रायसिंग म्हणतात. माल विकूनच हे करावं लागतं असंही नाही. नाममुद्रा धाकट्याच्या नावावर करून थोरल्याकडून रॉयल्टी घेता येते. धाकट्याने थोरल्याला कर्ज द्यायचं आणि व्याज घ्यायचं, हीसुद्धा एक वाट आहे. रॉयल्टी काय, व्याज काय, थोरल्याच्या वहीत ते खर्च म्हणून पडतं आणि सांगोल्याचा नफा तेवढा घटतो.

यातलं बरंचसं कायद्याच्या चौकटीत बसतं, हे ध्यानात ठेवा. म्हणून 'करचोरी' हा शब्द इथे पुरता लागू पडत नाही. चोरी म्हणायला आधी नियम मोडावा लागतो. इथे नियमाचं बोट धरूनच पैसा बाहेर जातो.

यावर आंतरराष्ट्रीय नियम काय सांगतो? तो सांगतो की भावाभावांनी परक्यासारखा व्यवहार करावा. परक्या गिऱ्हाइकाला जो भाव लावला असता तोच आपसात लावावा. याला आर्म्स लेंग्थ तत्त्व म्हणतात. ऐकायला रास्त आहे. पण तो परका भाव सिद्ध कोणी करायचा? झांबियाचं उदाहरण घ्या. तिथे मोपानी नावाची तांब्याची खाण होती, ग्लेनकोर या स्विस कंपनीच्या ताब्यातली. खाणीने आपल्याच समूहातल्या कंपनीला तांबं कमी भावाने विकलं, असं झांबियाच्या करखात्याचं म्हणणं होतं. प्रकरण २००६ ते २००९ या वर्षांचं. झांबियाच्या सर्वोच्च न्यायालयाने करखात्याच्या बाजूने निकाल दिला तो २०२० साली. आणि तांबं तर असा माल की त्याचा जागतिक भाव रोज जाहीर होतो! ज्याला बाजारभावच नाही अशा वस्तूचं काय होत असेल, याची कल्पना करा. छोट्या देशाच्या करखात्यात मूठभर अधिकारी, आणि समोर जगातल्या सर्वात महागड्या सल्लागारांची फौज.

हा व्यवहार केवढा मोठा आहे? ओईसीडी, म्हणजे प्रामुख्याने श्रीमंत देशांची संघटना, तिने २०१५ साली अंदाज दिला होता की यामुळे जगभरात वर्षाला १०० ते २४० अब्ज डॉलरचा कर बुडतो. गॅब्रिएल झुकमन आणि त्यांचे सहकारी अर्थतज्ज्ञ सांगतात की बहुराष्ट्रीय कंपन्या स्वदेशाबाहेर जो नफा मिळवतात, त्यातला एक तृतीयांशाहून अधिक करस्वर्गांत नेऊन दाखवला जातो.

आता तुम्ही म्हणाल, हे तर श्रीमंत देशांनाही सोसावं लागतं. बरोबर आहे. अॅपलने आयर्लंडला थकलेला १३ अब्ज युरोंचा कर द्यावा, असा आदेश युरोपीय आयोगाने २०१६ मध्ये दिला आणि युरोपच्या न्यायालयाने तो २०२४ मध्ये कायम केला. गंमत अशी की हा पैसा घ्यायला आयर्लंडच तयार नव्हता. तोही कंपनीच्या बाजूने न्यायालयात उभा होता. पण दुखणं सगळ्यांना सारखं नाही. आफ्रिकी देशांच्या एकूण करउत्पन्नात कंपनीकराचा वाटा सरासरी पाचव्या हिश्शाच्या जवळपास असतो. ओईसीडी देशांत तो दहाव्या हिश्शाच्या आसपास. आपल्या केंद्र सरकारच्या एकूण करउत्पन्नातही कंपनीकर साधारण एक चतुर्थांश भरतो. जिथे बहुतेकांचं उत्पन्न आयकराच्या मर्यादेखालीच राहतं, तिथे सरकार मोठ्या कंपन्यांवर जास्त अवलंबून असतं. तो कर आटला की उरतो विक्रीवरचा कर, जो मीठ-तेल घेणाराही भरतो.

लक्षणाचे तीन दोष

माझं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, तेव्हा या प्रश्नाकडे मी त्याच वाटेने जातो. 'नफा कुठे झाला' हे ठरवायचं तर 'नफ्याचं ठिकाण' या शब्दाची व्याख्या करावी लागते. आपल्या न्यायशास्त्रात व्याख्येला लक्षण म्हणतात आणि लक्षणाचे तीन दोष सांगतात. उदाहरण गाईचं. 'जी तांबूस ती गाय' म्हटलं तर पांढरी गाय सुटते. ही अव्याप्ती. 'जिला शिंगं ती गाय' म्हटलं तर म्हैसही आत येते. ही अतिव्याप्ती. 'जिचा खूर अखंड ती गाय' म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, कारण गाईचा खूर दुभंगलेला असतो. हा असंभव.

आंतरराष्ट्रीय कराची जुनी व्याख्या या तीन कसोट्यांवर घासून पाहा.

जुना नियम म्हणतो की परदेशी कंपनीचं तुमच्या देशात कायमचं ठाणं असेल, म्हणजे कचेरी, कारखाना, शाखा असं काही, तरच तिच्या धंद्याच्या नफ्यावर तुम्ही कर घेऊ शकता. मोटारी आणि यंत्रं विकली जायची त्या काळात हे चालून गेलं. आज नाशिकचा एखादा हॉटेलवाला आपली जाहिरात इंटरनेटवर देतो, ती नाशिकचीच माणसं बघतात, पैसे नाशिकहून जातात. पण ते ज्या कंपनीच्या नावे जमा होतात तिचं इथे ठाणं नसलं तर नफा 'इथला' नाही. पांढरी गाय सुटली. अव्याप्ती.

उलट, एखाद्या बेटावर नुसती नोंदणी असलेली, एक पत्ता आणि एक टपालपेटी एवढंच अस्तित्व असलेली कंपनी मात्र कायद्याने पूर्ण 'रहिवासी'. व्होडाफोनचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. २००७ साली हचिसनचा भारतातला मोबाईलचा धंदा व्होडाफोनने सुमारे ११ अब्ज डॉलरना घेतला. टॉवर इथले, ग्राहक इथले, पण हस्तांतर झालं ते केमन बेटांवरच्या एका कंपनीच्या शेअरचं. आपलं करखातं म्हणालं, विकलं गेलं ते भारतातलं आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ते मान्य केलं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये फिरवलं, कारण तेव्हाच्या कायद्याच्या शब्दांत ते बसत नव्हतं. मग सरकारने पूर्वलक्षी प्रभावाने कायदा बदलला, आंतरराष्ट्रीय लवादात हार खाल्ली आणि २०२१ मध्ये ती पूर्वलक्षी तरतूद मागे घेतली. नियम बदलायचा तर तो पुढच्यासाठी बदलावा, खेळ संपल्यावर नव्हे. सरकारचं तिथे चुकलंच. पण मूळ प्रश्न खोटा नव्हता. केमन बेटांवर एकही टॉवर नव्हता. म्हैस गाईंच्या कळपात मोजली गेली. अतिव्याप्ती.

आणि आर्म्स लेंग्थ? 'परक्याला जो भाव लावला असता तो' हे म्हणायला असा सौदा परक्यांमध्ये कुठेतरी होत असायला हवा. पण एखाद्या कंपनीच्या शोधयंत्राचं संपूर्ण गणित, किंवा जगप्रसिद्ध नाममुद्रेची अख्खी मालकी, कोणी परक्याला विकतं का? ज्या व्यवहाराशी तुलना करायची तो व्यवहारच अस्तित्वात नाही. असंभव.

खोलीत कोण होतं?

एवढे दोष असलेली व्याख्या आली कुठून?

पहिल्या महायुद्धानंतर एकाच उत्पन्नावर दोन देश कर मागू लागले. व्यापाऱ्यांची ही तक्रार खरी होती, आजही खरी आहे. दुहेरी कर हा अन्यायच. राष्ट्रसंघाने चार अर्थतज्ज्ञांना अहवाल लिहायला सांगितलं: हॉलंडचे ब्रुइन्स, इटलीचे एनौदी, इंग्लंडचे स्टॅम्प आणि अमेरिकेचे सेलिगमन. १९२३ साली त्यांचा अहवाल आला. त्या पायावर पुढे जी तडजोड रूढ झाली ती ढोबळमानाने अशी: धंद्याचा नफा ठाणं असेल तिथे, आणि व्याज, लाभांश, रॉयल्टी मुख्यतः घेणारा राहतो तिथे. आता भांडवल देणारे आणि रॉयल्टी घेणारे तेव्हा कोणत्या देशांत राहत होते, हे वेगळं सांगायला नको.

यातले सेलिगमन म्हणजे कोलंबिया विद्यापीठातले एडविन सेलिगमन, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे प्राध्यापक. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा बाबासाहेबांचा ग्रंथ १९२५ साली आला, त्याला प्रस्तावना सेलिगमन यांची आहे. त्या ग्रंथाचा विषय काय? मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यात महसुलाची वाटणी कशी होत गेली, हा. म्हणजे एकाच सुमारास गुरू राष्ट्राराष्ट्रांत कर कसा वाटावा याचा विचार करत होते आणि शिष्य एका वसाहतीच्या आत महसूल कसा वाटला गेला याचा. शिष्याच्या विषयात एक गोष्ट उघड होती, की वाटणी करणाराच स्वतः एक वाटेकरी आहे. राष्ट्रसंघाच्या त्या चौघांत वसाहतीतला एकही माणूस नव्हता.

या इतिहासातला पुढचा टप्पा आणखी बोलका आहे. दुसऱ्या महायुद्धात युरोप गुंतला असताना राष्ट्रसंघाच्या करसमितीची बैठक मेक्सिकोत झाली. तिथे लॅटिन अमेरिकी देशांचा आवाज मोठा होता. १९४३ चा तो मसुदा उत्पन्न जिथे उगवतं त्या देशाला झुकतं माप देतो. युद्ध संपलं, समिती लंडनला बसली, आणि १९४६ च्या मसुद्यात पारडं पुन्हा भांडवलाच्या देशांकडे झुकलं. विषय तोच, समिती तीच. खोलीतली माणसं बदलली. पुढे हे काम ओईसीडीकडे गेलं आणि १९६३ पासून तिचा नमुना-करार जगाचा नियम होऊन बसला. विकसनशील देशांसाठी संयुक्त राष्ट्रांनी १९८० मध्ये वेगळा नमुना काढला, पण वजन राहिलं ओईसीडीच्या नमुन्याचंच.

दोन खांब

आता अलीकडे येऊ. २००८ च्या मंदीनंतर श्रीमंत देशांचेच खजिने रिकामे झाले, तेव्हा त्यांनाही जाग आली. जी-२० ने २०१३ मध्ये ओईसीडीला काम दिलं, २०१५ मध्ये १५ कलमी कार्यक्रम आला. २०१६ मध्ये इतर देशांनाही आत घेणारी 'सर्वसमावेशक चौकट' तयार झाली. आणि ८ ऑक्टोबर २०२१ रोजी तिच्या १४० सदस्यांपैकी १३६ देशांनी दोन खांबांच्या तोडग्याला संमती दिली. भारताने दिली. केनिया, नायजेरिया, पाकिस्तान आणि श्रीलंका त्या दिवशी बाहेर राहिले.

पहिला खांब 'कुठे' या प्रश्नाला हात घालतो. ज्या कंपनीची जगभरची उलाढाल २० अब्ज युरोंहून जास्त आणि नफा उलाढालीच्या १० टक्क्यांहून जास्त, तिच्या जादा नफ्याचा चौथा हिस्सा ग्राहकांच्या देशांत वाटायचा. समजा उलाढाल १०० आणि नफा ३०. पहिले १० बाजूला. उरले २०. त्याचा चौथा हिस्सा ५. हे ५ सगळ्या बाजारपेठांनी मिळून वाटून घ्यायचे, आणि बाकीचे २५ जुन्याच नियमाने. जगातल्या शंभरेक कंपन्यांनाच हे लागू. बदल्यात प्रत्येक देशाने आपापले डिजिटल कर मोडीत काढायचे. तरीही शंभर वर्षांत पहिल्यांदाच ठाणं नसताना हक्क मान्य झाला होता, हे खरं.

दुसरा खांब दराचा आहे. ७५ कोटी युरोंहून मोठ्या उलाढालीच्या समूहाने प्रत्येक देशात निदान १५ टक्के कर भरलाच पाहिजे. कुठे ५ टक्केच भरला असेल तर वरचे १० टक्के दुसरं कोणीतरी वसूल करील. कोण? आधी तो देश स्वतः, जर त्याने तसा पूरक कर केला असेल तर. नाहीतर मुख्य कंपनीचा देश. तोही घेत नसेल तर समूहाचं काम चालतं असे इतर देश. खऱ्या कारखान्यावर आणि पगारांवर आधारलेला काही भाग यातून वगळलेला आहे.

नीट बघितलं तर दुसरा खांब नफ्याचं गाव बदलत नाही. पावती ज्या गावी गेली तिथेच नफा मानून तो म्हणतो, निदान १५ टक्के तरी भरा. आमच्या उदाहरणात धाकट्याच्या गावानेच १५ टक्के लावले तर ७६ रुपयांवरचा तो पैसा त्याच गावाला. त्याने नाही लावले तर कुटुंबाचा कर्ता राहतो त्या गावाला. सांगोल्याच्या हाती दोन रुपयांवरचाच कर. एक फायदा मात्र आहे: पावती फिरवण्यातला नफा कमी झाला, की कदाचित ती कमी फिरेल. तेवढं श्रेय द्यायला हवं. पण आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांचे कंपनीकराचे दर २५ ते ३० टक्के असताना १५ ही ओढ थांबवणारी रेघ नव्हे. आफ्रिकी करप्रशासनांच्या मंचाने निदान २० टक्के मागितले होते.

गुंतवणूक ओढण्यासाठी करमाफी देणाऱ्या देशांवर याचा थेट परिणाम झाला. व्हिएतनाम बघा. कंपनीकराचा दर २० टक्के, पण सॅमसंगसारख्या मोठ्या कारखानदारांना भरपूर सवलत. आता प्रश्न असा पडला, की आम्ही सोडलेला कर दक्षिण कोरियाने तिकडे वसूल केला तर सवलतीचा उपयोग कोणाला? म्हणून व्हिएतनामच्या राष्ट्रीय सभेने नोव्हेंबर २०२३ मध्ये ठराव करून जानेवारी २०२४ पासून स्वतःचाच पूरक कर लावला. पुढे गुंतवणूकदारांना रोख मदत देण्यासाठी निधीही काढला. म्हणजे सवलत संपली नाही. करमाफीची जागा अनुदानाने घेतली. आणि रोख अनुदानाच्या शर्यतीत गरीब देश श्रीमंतांपुढे किती टिकणार?

इथे आपल्या बाजूचा दोषही सांगितला पाहिजे. वर्षानुवर्षांच्या करमाफ्या विकसनशील देशांनी स्वतःच वाटल्या, एकमेकांशी चढाओढ करत. ते सगळं पॅरिसच्या माथी मारता येणार नाही.

किंमत आधी, माल नंतर

मग पहिल्या खांबाचं काय झालं? त्याच्या बहुपक्षीय कराराचा मसुदा ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो अमलात यायला निदान ३० देशांची मंजुरी हवी, आणि त्यांत या बड्या कंपन्यांच्या मुख्यालयांचा इतका मोठा हिस्सा यायला हवा की अमेरिकेशिवाय ते जमतच नाही. जून २०२४ ची मुदत टळली. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या नव्या अध्यक्षांनी जाहीर केलं की हा जागतिक तोडगा अमेरिकेत लागू नाही. जून २०२५ मध्ये जी-७ ने मान्य केलं की दुसऱ्या खांबातल्या मुख्य नियमांतून अमेरिकी समूहांना वगळावं, आणि जानेवारी २०२६ मध्ये चौकटीतल्या देशांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. एक दार तेवढं उघडं राहिलं: एखाद्या देशाचा स्वतःचा पूरक कर अमेरिकी कंपन्यांनाही लागतो.

दरम्यान आपण काय केलं? भारताने २०१६ मध्ये परदेशी कंपन्यांना दिल्या जाणाऱ्या ऑनलाइन जाहिरातींच्या पैशांवर ६ टक्के इक्वलायझेशन लेव्ही लावली होती. लोक तिला 'गुगल टॅक्स' म्हणत. २०२० मध्ये परदेशी ई-कॉमर्सवर २ टक्के आली. हा कर ओबडधोबड होता, हे मान्य करू या. तो नफ्यावर नव्हता, उलाढालीवर होता. तोट्यातल्या कंपनीलाही लागायचा, आणि त्याचा भार इथल्याच जाहिरातदारावर ढकलला जाऊ शकत होता. पण अव्याप्तीवर आपण आपल्या हाताने घातलेलं ते ठिगळ होतं. २ टक्क्यांची लेव्ही ऑगस्ट २०२४ पासून गेली. ६ टक्क्यांची १ एप्रिल २०२५ पासून, अमेरिकेशी व्यापाराची बोलणी चालू असतानाच. कॅनडानेही आपला डिजिटल कर जून २०२५ च्या शेवटी, पहिला हप्ता यायच्या आदल्या दिवशी, मागे घेतला.

सौद्याची अट होती की तुम्ही डिजिटल कर सोडा, आम्ही पहिला खांब देतो. आपला कर गेला. पहिला खांब अजून उभा नाही. आपल्याकडे बाजारात असं कोणी करत नाही. माल हातात आल्याशिवाय पैसे मोजायचे नाहीत, हे साधी भाजी घेणाऱ्यालाही कळतं.

आता न्यूयॉर्क

म्हणून विकसनशील देशांनी खोलीच बदलायचं ठरवलं. संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांच्या गटाने, नायजेरियाच्या पुढाकाराने, करावरच्या चौकट-कराराचा ठराव आणला. नोव्हेंबर २०२३ मध्ये समितीत मतदान झालं: बाजूने १२५, विरोधात ४८, तटस्थ ९. भारत बाजूने होता. अमेरिका, ब्रिटन, जपान आणि युरोपीय संघातले देश विरोधात. डिसेंबर २०२४ मध्ये कार्यकक्षेवर मतदान झालं: बाजूने ११९, विरोधात ९, तटस्थ ४३. युरोपीय देश या वेळी तटस्थ झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिका वाटाघाटींतून उठून गेली. बाकीचे बसले आहेत. २०२७ पर्यंत करार आणि त्यासोबत दोन उप-करार तयार करायचे आहेत. त्यांतला एक सीमापार सेवांवरच्या कराचा आहे, म्हणजे आपल्या नाशिकच्या हॉटेलवाल्याच्या जाहिरातीचा.

लोक मला विचारतात, अमेरिकेशिवाय असा करार काय कामाचा? शंका रास्त आहे. ज्या देशात मुख्यालयं आहेत तोच बाहेर असेल तर अंमलबजावणी अवघड. शिवाय बहुमताने लिहिलेला नियम आपोआप शहाणा होतो असंही नाही. पण ग्राहक आमच्या देशात आहेत, खाणी आमच्या देशात आहेत, आणि पैसे देणारा आमच्या कायद्याखाली आहे. पैसे बाहेर जाताना उगमाशी थोडा कर कापून घेणं ही जुनीच पद्धत आहे आणि ती करायला मुख्यालयाची परवानगी लागत नाही. आज ती वापरताना प्रत्येक देश एकटा असतो आणि त्याला आयातशुल्काची धमकी मिळते. शंभर देशांनी एकच नियम केला तर तीच धमकी शंभरांना द्यावी लागेल.

आणि व्याख्या? निर्दोष लक्षण सापडेल का? मला वाटतं, नफ्याला एकच गाव असतं हा आग्रहच सोडावा लागेल. कुटुंब एका चुलीचं आहे तर नफाही एकत्र मोजा, आणि मग ठरलेल्या मापाने गावागावांत वाटा: माणसं किती कुठे, मालमत्ता किती कुठे, विक्री किती कुठे. हे स्वप्नरंजन नाही. अमेरिकेतली राज्यं आपसात कंपन्यांचा नफा दशकानुदशकं अशाच सूत्राने वाटत आली आहेत. आपल्या केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या समितीनेही २०१९ च्या अहवालात विक्री, मनुष्यबळ, मालमत्ता आणि काही धंद्यांत वापरकर्ते असं सूत्र सुचवलं होतं. सूत्रातही भांडणं होतील. विक्रीला जास्त वजन दिलं तर भारतासारख्या मोठ्या बाजारपेठेचा फायदा, आणि झांबियासारख्या खाणीच्या, छोट्या बाजाराच्या देशाचा तोटा. विकसनशील देश हा एकसंध गट नाही, हे तेव्हा कळेल. पण ते भांडण उघड्यावरचं असेल. पावती कुठून कुठे गेली, हे शोधत दहा-बारा वर्षं कोर्टात बसावं लागणार नाही.

तेव्हा पुढच्या वेळी 'जागतिक किमान कर १५ टक्के' अशी बातमी वाचाल, तेव्हा आकड्याशी थांबू नका. पुढचे दोन प्रश्न विचारा. हे १५ टक्के कोणत्या देशाच्या खजिन्यात जाणार आहेत? आणि ते ठरवताना खोलीत कोण कोण होतं? कायद्याची पदवी नसली तरी हे प्रश्न विचारता येतात. कारण त्या पैशातून होणार असलेली शाळा आणि दवाखाना शेवटी कुठल्यातरी खऱ्या गावात असतो, आणि त्या गावाचा पत्ता मात्र कोणालाही बदलता येत नाही.

आज इथेच थांबतो. सूत्राने वाटणी करताना कोणत्या मापाला किती वजन द्यावं, यावर तुमची मतं आणि प्रश्न जरूर पाठवा. प्रश्नोत्तरांच्या भागात त्यांचा विचार करू.